गरम द्रावण थंड करून मोजू नका

गेल्या अंकात मी बॉयलरच्या नळ्यांत आतून चढणाऱ्या काळ्या थराबद्दल, म्हणजे मॅग्नेटाइट या लोखंडाच्या ऑक्साइडबद्दल लिहिलं होतं. धातूंची ऑक्साइडं गरम पाण्यात किती विरघळतात, म्हणजे त्यांची विद्राव्यता, हे मोजणं सोपं नाही, असं एक वाक्य त्यात होतं. बरीच पत्रं नेमकी त्या वाक्यावर आली. त्यातली पाच इथे घेते. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे. ती चूक मी स्वतः केलेली आहे आणि दर वर्षी कुणा ना कुणाला करताना पाहिलेली आहे.

प्रश्न: मॅडम, मी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी झिंक ऑक्साइडची विद्राव्यता मोजते आहे. ॲसिटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेटचं बफर द्रावण घेते, त्यात पूड घालते आणि टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे बंद दाबभांड्यात, 200 अंशांना 48 तास ठेवते. मग भट्टी बंद करून रात्रभर थंड होऊ देते. सकाळी उघडून 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळते आणि झिंक मोजते. चार वेळा केलं, चारही आकडे वेगळे. सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात लहानाच्या तिप्पट आहे. कुठे चुकतंय?

उत्तर: तुमचं मोजणं चुकलेलं नाही. तुम्ही मोजलंत ते द्रावण 200 अंशांचं नव्हतं, एवढंच. रात्री भट्टी बंद केल्यापासून सकाळी झाकण उघडेपर्यंत आत काय काय झालं असेल, ते डोळ्यांसमोर आणा. पूड द्रावणात तशीच बसलेली आहे, तापमान तासातासाला उतरतंय आणि दर तासाला समतोलाची, म्हणजे विरघळणं आणि खाली बसणं बरोबरीला येण्याची, जागा बदलते आहे. द्रावण त्या बदलत्या जागेमागे जमेल तसं जात राहतं आणि खोलीच्या तापमानाच्या जवळ येताना कुठेतरी मध्येच थबकतं. कुठे थबकेल ते भट्टी किती वेगाने निवली आणि पूड तळाशी किती घट्ट बसली यावर ठरतं. चार रात्रींचे चार आकडे आले ते त्यामुळे.

झिंक ऑक्साइडची आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. आम्लाच्या बाजूला ते विरघळताना उष्णता बाहेर टाकतं. त्यामुळे पीएच तेवढाच धरला तर ते गरम पाण्यात कमी विरघळतं आणि थंड पाण्यात जास्त. साखरेच्या सवयीने आपण धरून चालतो की थंड झाल्यावर काहीतरी खाली बसेल, म्हणजे आकडा झालाच तर कमी भरेल. तुमच्या बाबतीत उलट झालं असणार. थंड होता होता झिंक आणखी विरघळत गेलं. ॲल्युमिनियमच्या ऑक्साइड-हायड्रॉक्साइडांचं कॉस्टिकमध्ये, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात, याच्या उलट असतं, गरम असताना ती जास्त विरघळतात. बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढण्याची कार्ल योसेफ बायर यांची 1880 च्या दशकातली पद्धत त्याच गुणावर उभी आहे: तापत्या कॉस्टिकमध्ये विरघळवायचं, निवळ द्रावण थंड करायचं आणि बीज म्हणून तयार स्फटिक टाकून खाली बसवायचं. म्हणजे थंड केल्यावर चूक कुठल्या दिशेला जाईल हेही आधी सांगता येत नाही. एखादा गुणक लावून आकडा सुधारून घेऊ, असा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका.

नमुना गरम असतानाच घन पूडीपासून वेगळा झाला पाहिजे. या कामातली खरी कारागिरी तिथेच आहे. गाळणं ऑटोक्लेव्हच्या आत, त्या तापमानालाच व्हायला हवं. त्यासाठी नमुना घ्यायच्या नळीच्या आतल्या टोकाला सच्छिद्र टायटॅनियमचा किंवा टेफ्लॉनचा फिल्टर बसवतात. बाहेरच्या टोकाला व्हॉल्व्ह असतो. तो उघडताना लक्षात ठेवा की 200 अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब साडेपंधरा बारच्या आसपास असतो आणि 250 ला जवळपास 40 बार. असं पाणी सरळ हवेत सोडलं तर काही भाग क्षणात वाफ होऊन उडतो. 250 वरून सोडलंत तर साधारण 30 टक्के पाणी उडतं. उरलेलं द्रावण तेवढं दाट होतं आणि तुमचा आकडा फुगतो. म्हणून आधी दाबाखालीच, बारीक नळीतून, नमुना थंड करायचा आणि मग दाब सोडायचा.

त्या बारीक नळीतही गोम आहे. थंड होताना खाली बसणारा धातू असेल तर तो नळीच्या भिंतीवर बसतो. डोळ्यांना काही दिसत नाही. उपाय साधा आहे, फक्त आळस केलेला चालत नाही. नमुना घ्यायची सिरिंज आधीच पातळ नायट्रिक आम्ल भरून, वजन करून ठेवायची. पहिले एक-दोन मिलिलिटर टाकून द्यायचे, कारण ते नळीत आधीपासून अडकलेलं पाणी असतं. मग नमुना आम्लातच घ्यायचा, सिरिंजचं पुन्हा वजन करायचं आणि फरकावरून नमुना किती आला ते काढायचं. शेवटी तीच नळी आम्लाने धुऊन घ्यायची आणि त्या धुणातला धातूही मोजायचा. धुणाचा आकडा नमुन्याच्या मानाने नगण्य असेल तरच नमुना वहीत चढवायचा. आमच्याकडे या धुणांची वेगळी वही होती, आणि नवीन मुलं आली की मी त्यांना आधी ती वाचायला देत असे.

आता फिल्टर. 0.45 मायक्रॉनमधून झिंक ऑक्साइडचे बारीक कण सहज निसटतात, मग आम्लात विरघळतात आणि यंत्र त्यांनाही विरघळलेलं झिंक म्हणूनच मोजतं. 0.1 मायक्रॉनचा फिल्टर वापरा. त्याहून चांगलं म्हणजे एकाच द्रावणाचे दोन नमुने दोन वेगळ्या छिद्रांच्या फिल्टरमधून घ्या. आकडे जुळले नाहीत तर कण निसटताहेत, हे नक्की.

शेवटचं, झिंकपुरतं. रबरी हातमोजे, रबरी बूच, हाताला लावायची काही मलमं, या सगळ्यांत झिंक ऑक्साइड असतं. पूड न घालता अख्खा प्रयोग एकदा तसाच करून बघा, म्हणजे ब्लँक. त्या ब्लँकमध्ये किती झिंक येतं ते मला जरूर कळवा.

प्रश्न: आमच्या ऑटोक्लेव्हची क्षमता 100 मिलिलिटर आहे. मार्गदर्शक म्हणतात साठ-पासष्टच भर. जास्त भरलं तर जास्त नमुने घेता येतील ना?

उत्तर: मार्गदर्शकांचं ऐका. 25 अंशांना पाण्याची घनता जवळजवळ 1 असते. 250 अंशांना, स्वतःच्या वाफेबरोबर समतोलात असताना, ती 0.8 वर येते आणि 300 ला 0.71 वर. म्हणजे थंड असताना भांडं 80 टक्के भरलंत तर 250 ला पोचता पोचता ते पाण्याने काठोकाठ भरतं. वाफेला जागा उरत नाही. त्यापुढे तापमानाच्या एकेका अंशाला दाब दहा-दहा बारने, कधी त्याहून जास्तही चढतो. तापमान नियंत्रकात पाच अंशांची गडबड झाली तर 50 बार वाढले. दाब फार चढला तर आधी फुटून तो बाहेर सोडणारी चकती भांड्याला बसवलेली आहे ना, ती तुमच्या दाबासाठीच आहे ना आणि तिचं तोंड माणसाकडे नाही ना, हे स्वतः पाहा. दुसऱ्याने पाहिलंय म्हणून सोडू नका.

टेफ्लॉनचं अस्तर असेल तर ते 200 च्या पुढे मऊ पडू लागतं, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न: मी वीज केंद्रात पाण्याच्या रसायनाचं काम पाहतो. पाणी जितकं गरम तितकं जास्त विरघळवणार, हे शाळेपासून ऐकत आलो. मग फीडवॉटरच्या, म्हणजे बॉयलरला जाणाऱ्या पाण्याच्या, नळ्या सगळ्यात जास्त झिजतात त्या मधल्या तापमानाला, सगळ्यात गरम जागी नव्हे, हे कसं?

उत्तर: तुम्ही जे रोज पाहता त्याचा उलगडा या मोजमापांतूनच झाला, म्हणून तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं.

मॅग्नेटाइटमध्ये लोखंडाचे तीन अणू असतात, एक दोन-भाराचा आणि दोन तीन-भाराचे. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात ते विरघळतं तेव्हा लोखंड बहुतेक सगळं दोन-भाराचं होऊन बाहेर पडतं. म्हणजे त्या दोन अणूंना एकेक इलेक्ट्रॉन कुठून तरी मिळायला हवा. तो पाण्यात विरघळलेला हायड्रोजन देतो. लोखंडाचे तीन आयन, त्यामागे हायड्रोजनचा एक रेणू, असा हिशोब आहे. त्यामुळे लोखंडाचं प्रमाण हायड्रोजनच्या घनमुळाबरोबर वाढतं. हायड्रोजन आठपट केला तर विरघळणारं लोखंड दुप्पट होतं. विद्राव्यता मोजताना हायड्रोजनचा दाब नोंदवला नसेल तर तो आकडा कुणाच्याच उपयोगाचा नाही. जुन्या मोजमापांत एकमेकांशी न जुळणारे आकडे सापडतात, त्यामागे बरेचदा हेच असतं.

आता तापमान. साधा दोन-भाराचा आयन बनणं ही उष्णता बाहेर टाकणारी क्रिया आहे, तेव्हा तापमान वाढेल तशी ती मागे हटते. हायड्रॉक्साइड चिकटलेले आयन, विशेषतः ऋणभार असलेले, तापमानाबरोबर वाढतात. वीज केंद्रातलं पाणी अमोनियासारख्या पदार्थाने किंचित आम्लारीधर्मी ठेवलेलं असतं. त्यात सगळं मिळून एकूण विद्राव्यता आधी चढते, मग उतरते. प्रवाहामुळे होणारी झीज सगळ्यात वाईट असते ती साधारण 150 अंशांच्या आसपास. विद्राव्यतेच्या जोडीला वाहत्या पाण्याचा वेग आणि नळीची वळणंही त्यात भाग घेतात. थर विरघळतो, वाहतं पाणी त्याला घेऊन जातं, खालचं पोलाद नवा थर बनवतं, तोही विरघळतो. नळी बाहेरून धडधाकट दिसते.

ऑगस्ट 2004 मध्ये जपानच्या मिहामा अणुवीज केंद्रात अशीच झिजलेली एक नळी फुटली आणि पाच कामगार गेले. नळीतलं पाणी 140 अंशांच्या आसपास होतं, आणि ती जागा अणुभट्टीच्या बाजूची नव्हती, टर्बाइनच्या बाजूची होती. अब्जांशात मोजायचे हे आकडे इतक्या कष्टाने कशाला काढायचे, असं कुणी विचारलं की मला ती नळी आठवते. पाण्याचा पीएच किती ठेवायचा, किती ऑक्सिजन चालेल, नळीच्या पोलादात थोडं क्रोमियम घालायचं का, या निर्णयांच्या मुळाशी हे आकडे असतात.

या विषयातलं जे काम मी विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी वाचायला लावत असे, ते अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतल्या स्वीटन आणि बेस यांचं, 1970 सालचं. त्यांनी 300 अंशांपर्यंत मॅग्नेटाइट मोजलं. बंद भांडं भरून वाट पाहायची, अशी त्यांची पद्धत नव्हती. मॅग्नेटाइटच्या कणांच्या थरातून त्यांनी द्रावण हळूहळू वाहवत नेलं. वाहत्या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे वेग बदलून पाहता येतो. पाणी निम्म्या वेगाने सोडलं आणि आकडा तोच आला, तर ते थरातून बाहेर पडताना संपृक्त झालेलं आहे. आकडा वाढला, तर अजून घाई होते आहे.

प्रश्न: मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. उदासीन पाण्याचा पीएच 7, हे 250 अंशांनाही खरं आहे का? आणि इतक्या गरम द्रावणाचा पीएच मोजतात तरी कसा?

उत्तर: खरं नाही. ताई, मुलांना तुम्ही हे सांगितलंत तर फार चांगलं होईल, कारण 7 हा आकडा दगडावरची रेघ असल्यासारखा शिकवला जातो. पाणी तापलं की त्याचे रेणू जास्त प्रमाणात फुटतात. उदासीन पाण्याचा पीएच 100 अंशांना 6.1 च्या जवळ येतो आणि 250 ला 5.6 च्या. पाणी आम्लधर्मी झालेलं नसतं, दोन्ही आयन सारखेच वाढलेले असतात. म्हणून खोलीत मोजलेला पीएच गरम द्रावणाला चिकटवायचा नाही.

काचेचा इलेक्ट्रोड साधारण 100 अंशांच्या पुढे नेण्यात अर्थ नाही. ओक रिजमध्येच यासाठी एक सुंदर युक्ती वापरली गेली. एकाच दाबभांड्यात दोन कप्पे, दोन्हींत प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड, दोन्हींवर तोच हायड्रोजन. एका कप्प्यात आम्लाचं प्रमाण माहीत असलेलं द्रावण, दुसऱ्यात ज्याचा पीएच हवा ते, आणि मध्ये सच्छिद्र टेफ्लॉनची गुडदी. हायड्रोजनचा दाब दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे हिशोबातून गळून जातो आणि उरलेला विद्युतदाब फक्त आम्लातला फरक सांगतो. 25 अंशांना पीएचच्या एका एककाला 59 मिलिव्होल्ट मिळतात, 250 ला जवळपास 104. म्हणजे तापमान वाढलं की वाचन उलट सोपं होतं. अशा भांड्यात ऑक्साइड टाकून ठेवलं तर पीएच आणि विरघळलेला धातू दोन्ही एकाच वेळी, गरम असतानाच कळतात. झिंक ऑक्साइडला हे भांडं छान चालतं. कॉपर ऑक्साइडला चालत नाही, हायड्रोजन त्याचं तांबं करून टाकतो.

वर्गात फळ्यावर काढायचा असेल तर हा आलेख काढा: आडव्या अक्षावर पीएच, उभ्या अक्षावर विरघळलेल्या झिंकचा लॉगॅरिदम. इंग्रजी व्ही अक्षरासारखी दरी दिसते. डाव्या उतारावर पीएच एकाने वाढला की झिंक शंभरपटीने घटतं, कारण एका झिंकसाठी दोन हायड्रोजन आयन खर्च होतात. चढ-उताराचा कोन पाहून द्रावणात कुठला आयन आहे ते ओळखता येतं. तापमान वाढलं की दरीचा तळ कमी पीएचकडे सरकतो. प्रमाण लिहिताना मात्र लिटरमागे लिहू नका, एक किलो पाण्यामागे लिहा. 250 अंशांना त्याच पाण्याचं आकारमान सव्वापट झालेलं असतं, वजन तेवढंच राहतं.

प्रश्न: समतोल झाला हे कसं ओळखायचं? आमचे सर म्हणतात, लागोपाठ तीन नमुने सारखे आले की झालं.

उत्तर: तुमच्या सरांशी मी आदराने असहमत आहे. तीन नमुने सारखे आले म्हणजे बदल मंद झाला, एवढंच कळतं.

मी नवीन होते तेव्हा झिंक ऑक्साइडच्या एका पूडीवर साडेतीन महिने काम केलं. पूड विकतची होती, वर मी ती खलात घोटून बारीक केली होती, लवकर विरघळावी म्हणून. लागोपाठ नमुने छान जुळत होते. आलेख काढला, निबंधाचा मसुदा लिहिला. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, "वरून आलीस का?" मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावलं की आत्तापर्यंत तू कमी विरघळलेल्या द्रावणापासून सुरुवात करून वर चढत आली आहेस. आता जास्त विरघळलेल्या द्रावणापासून खाली उतरून ये. आम्लाच्या बाजूला ते करणं सोपं होतं: द्रावण आधी 100 अंशांना संपृक्त करायचं आणि मग 200 ला न्यायचं, म्हणजे 200 च्या मानाने त्यात झिंक जास्तीचं असतं आणि ते खाली बसत येतं.

मी केलं. वरून येणारे आकडे माझ्या आधीच्या आकड्यांपाशी थांबलेच नाहीत. ते त्यांच्याही खाली गेले आणि तिथे स्थिरावले.

दोष घोटण्यात होता. खूप बारीक कण, साधारण एक दशांश मायक्रॉनपेक्षा लहान, मोठ्या स्फटिकांपेक्षा जास्त विरघळतात. घोटल्याने तुटलेल्या कडाही तशाच वागतात. मी विद्राव्यता मोजली होती ती त्या चुऱ्याची. तो चुरा हळूहळू मोठ्या कणांवर जाऊन बसतो, पण इतक्या सावकाश की आठवड्याभराच्या नमुन्यांत पत्ता लागत नाही. पुढे आम्ही पूड आधी पातळ आम्लात आणि मग गरम पाण्यात पुन्हा पुन्हा ढवळून, वर तरंगणारा बारीक भाग ओतून टाकत असू. त्यानंतर ती काही दिवस 200 च्या वर पाण्यात मुरवायची आणि मगच वापरायची. साडेतीन महिन्यांतला एकही आकडा छापला नाही.

तेव्हा खालून चढत या आणि वरून उतरत या. दोन्ही वाटा एका आकड्याला मिळाल्या तर समतोल माना. भांडं उघडल्यावर उरलेल्या घनाची एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची, तपासणीही चुकवू नका. मॅग्नेशियम ऑक्साइड म्हणून टाकलेलं पाण्यात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन बसतं, गिब्साइट हे ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड 100 च्या वर बोहेमाइट, म्हणजे ऑक्साइड-हायड्रॉक्साइड, होत जातं. मग आकडा अचूक असतो आणि त्यावर नाव भलत्याच पदार्थाचं लागलेलं असतं. किती दिवस थांबायचं ते पदार्थावर आहे. बोहेमाइटला 100 अंशांना आठवडे लागतात, तेच 250 ला खूप लवकर आटपतं. तुम्ही कुठलं ऑक्साइड घेतलंय ते पत्रात लिहिलेलं नाही. ते कळवा, शक्य असेल तर नमुन्यांच्या तारखा आणि तापमानासह, म्हणजे पुढच्या अंकात नेमकं सांगता येईल.